इंजिन घडविण्याचा ध्यास

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यवतमाळ जिल्ह्यातला कापूस अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून धावणाऱ्या छोट्या आगगाडीने मूर्तिजापूरला येई. तिथे तो मोठ्या गाडीत चढे आणि मुंबई बंदराच्या वाटेला लागे. पुढे लोकांनी ज्या गाडीला ‘शकुंतला’ म्हणून आपलेसे केले, ती ही गाडी. रूळ घातले इंग्रज कंपनीने आणि इंजिन आले इंग्लंडमधून. या मार्गावर वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते. ज्या मुंबई बंदरातून वऱ्हाडच्या कापसाच्या गाठी परदेशी गिरण्यांकडे रवाना होत, त्याच बंदरात उलट दिशेने लाकडी खोकी उतरत. त्यांत मोटारींचे सुटे भाग असत. १९२८ पासून जनरल मोटर्स ही अमेरिकन कंपनी मुंबईत हे भाग जोडून मोटारी विकत होती. नट-बोल्ट आवळणारे हात भारतीय होते, पण इंजिन आणि गियरबॉक्स मात्र साता समुद्रांपलीकडून येत.

हा व्यवहार ज्यांना मनापासून खुपला, त्यांत सोलापूरच्या वालचंद हिराचंदांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही वाहनांचे कारखाने या देशात उभे राहावेत यासाठी त्यांनी आयुष्य पणाला लावले. त्यांपैकी मोटारीची कहाणी सर्वांत लांबली, आणि तिचे फळ पदरात पडण्याआधीच ते गेले.

सोलापूर ते भोर घाट

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. दोशी घराणे मूळ गुजरातचे, दिगंबर जैन. सावकारी आणि कापसाचा व्यापार हा घरचा व्यवसाय होता. वडील हिराचंद नेमचंद जैन समाजातील सुधारक म्हणून ओळखले जात. सोलापुरात शालेय शिक्षण झाल्यावर वालचंद मुंबईच्या सेंट झेवियर्स आणि पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात काही काळ शिकले, पण पदवी न घेताच परतले. घरच्या पेढीवर बसून व्याजाचा हिशेब मांडणे त्यांच्या पिंडाला मानवणारे नव्हते.

याच सुमारास त्यांची गाठ लक्ष्मण बळवंत फाटक यांच्याशी पडली. फाटक पूर्वी रेल्वेत कारकून होते. बांधकामाची कंत्राटे कशी मिळतात आणि कशी पार पाडावी लागतात, याची त्यांना चांगली जाण होती. भांडवल वालचंदांचे आणि अनुभव फाटकांचा, अशी ही भागी जमली. बार्शी लाइट रेल्वेच्या एका टप्प्याचे काम त्यांनी हाती घेतले. योगायोग असा की हा मार्गही यवतमाळच्या रेल्वेप्रमाणेच अडीच फुटी होता. या छोट्या रुळांवरून सुरू झालेला प्रवास पुढे मोठमोठ्या कंत्राटांपर्यंत पोहोचला. मुंबईला पाणी आणणारी तानसाची जलवाहिनी आणि भोर घाटातील रेल्वेचे बोगदे ही त्यांतील ठळक कामे. १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली.

कंत्राटदारीत वालचंदांना पैसा मिळालाच, पण एक धडाही मिळाला. रूळ, पूल, बोगदे भारतीय मजुरांनी आणि भारतीय कंत्राटदारांनी उभारायचे, पण त्यावरून धावणारे इंजिन मात्र विलायतेहून यायचे, ही विभागणी त्यांनी वर्षानुवर्षे जवळून पाहिली होती.

समुद्रातली झुंज

या विभागणीला त्यांनी पहिला धक्का दिला तो समुद्रात. पहिले महायुद्ध संपल्यावर त्यांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांच्या साथीने १९१९ साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. ग्वाल्हेरच्या महाराजांकडून घेतलेले ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून इंग्लंडकडे निघाले. हा दिवस आजही राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. इंग्रज कंपन्यांनी भाड्याचे दर पाडून नव्या कंपनीचा श्वास कोंडण्याचा प्रयत्न केला. अखेर १९२३ च्या तहान्वये सिंदियाला दहा वर्षे किनारी वाहतुकीपुरते मर्यादित राहणे भाग पडले. वालचंदांना हा करार जिव्हारी लागला, पण त्यांनी कंपनी सोडली नाही. १९२९ पासून १९५० पर्यंत ते तिचे अध्यक्ष होते.

जहाजे विकत घेतली तरी ती बांधणारी गोदी परक्यांचीच राहते, हे त्यांच्या ध्यानात आले होते. म्हणून विशाखापट्टणम येथे जहाजबांधणीचा कारखाना उभारण्याचे काम सुरू झाले. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. तिथे बांधलेली ‘जलउषा’ १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली. दरम्यान वालचंदांची नजर जमिनीवरच्या वाहनाकडे वळली होती.

नकाराची साखळी

भारतात मोटारीचा कारखाना काढण्याची पहिली सुसूत्र योजना मांडली ती सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी. १९३५ साली त्यांनी युरोप-अमेरिकेतील कारखाने पाहिले आणि त्यावर आधारित आराखडा तयार केला. १९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले आणि त्याने या योजनेला अनुकूलता दाखवली. वालचंदांनी ती उचलून धरली. १९३९ साली ते स्वतः अमेरिकेला गेले.

फोर्डकडे त्यांनी प्रथम प्रयत्न केला, परंतु भारतातील व्यापाराचे हक्क फोर्डच्या कॅनडातील कंपनीकडे होते आणि बोलणी फळाला आली नाहीत. जनरल मोटर्स मुंबईत मोटारी जोडून विकतच होती. त्या कंपनीला भारतात इंजिने घडविण्याची घाई असण्याचे कारण नव्हते. क्रायस्लरने मात्र होकार दिला आणि १९४० साली करार झाला. अमेरिकेहून परततानाच्या विमान प्रवासात वालचंदांना विल्यम पॉली हा अमेरिकन विमान व्यावसायिक भेटला. त्या भेटीतून २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी जन्माला आली. मोटारीसाठी निघालेला माणूस विमानाचा कारखाना घेऊन आला!

मोटार मात्र अडकून पडली. मुंबईचे मंत्रिमंडळ १९३९ च्या अखेरीस पायउतार झाले. म्हैसूर संस्थानाने रस दाखवला, तरी दिल्लीच्या सरकारची संमती मिळेना. कारण युद्धाचे सांगितले गेले. पोलाद नाही, परकी चलन नाही, यंत्रे आणायला जहाजात जागा नाही. यातील काही अडचणी खऱ्या होत्या, हे मान्य करावे लागेल. परंतु ज्या युद्धाला हजारो ट्रक लागत होते, त्याच युद्धाच्या नावाखाली ट्रक बनविणारा कारखाना नाकारला जात होता, ही विसंगती वालचंदांना दिसत होती. विमानाचा कारखानाही फार काळ त्यांच्या हाती राहिला नाही. १९४२ साली सरकारने त्यांचे भाग विकत घेऊन तो ताब्यात घेतला.

अखेर १९४४ साली मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स लिमिटेडची स्थापना झाली. वालचंदांबरोबर तुळशीदास किलाचंद आणि धरमसी खटाव हे उद्योगपती होते. कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. तोवर बिर्लांच्या हिंदुस्थान मोटर्सनेही १९४२ साली गुजरातेत ओखा येथे बस्तान बसवले होते. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर कुर्ल्याच्या फाटकातून डॉज, डिसोटो आणि प्लिमथ या नावांच्या गाड्या बाहेर पडू लागल्या.

जोडणी आणि घडण

या गाड्या कुर्ल्यात जोडल्या जात होत्या, घडविल्या जात नव्हत्या. हा फरक वरवर पाहता किरकोळ वाटतो, पण मोटार-उद्योगाचे सारे मर्म त्यातच आहे. दरवाजे, बैठका, काचा, रंग ही कामे तुलनेने लवकर साधतात. इंजिनाचे तसे नाही. सिलिंडरचा ठोकळा ओतायचा तर बिडाची जात एकसारखी हवी. पिस्टन त्यात सैल बसला तर तेल जळते, घट्ट बसला तर इंजिन धरते. क्रँकशाफ्टला लागणारे पोलाद, त्याची घडाई आणि घासाई यांत केसाएवढी चूकही खपत नाही. गियरबॉक्समधील चक्रांचे दात बाहेरून कठीण आणि आतून चिवट असावे लागतात. नाहीतर ते झिजतात किंवा तुटतात. ओतशाळा, घडाईचे कारखाने, बेअरिंग, पोलाद आणि हे सारे अचूक मोजणारे कसबी कामगार असे मोठे गोत जमल्याशिवाय इंजिन घडत नाही. म्हणूनच परदेशी कंपन्या सुटे भाग आनंदाने पाठवत आणि इंजिन घडविण्याचे नाव काढले की मागे सरत.

अडचण आणखी एक होती आणि ती वालचंदांच्या स्वतःच्या निवडीतून आली होती. क्रायस्लरच्या गाड्या अमेरिकेच्या होत्या. प्लिमथचे सहा सिलिंडरचे इंजिन साडेतीन लिटरच्या घरातले. एवढ्या मोठ्या इंजिनाला ओढ भरपूर असल्याने तीन गियरवर भागत असे. चालकाने गाडी वरच्या गियरमध्ये टाकली की ती हळूहळू चालवली तरी इंजिन कुरकुरत नसे. सरळ, लांब आणि रुंद रस्त्यांच्या, पेट्रोल स्वस्त असलेल्या देशाला हे रूप साजेसे होते. भारतात पेट्रोलसाठी परकी चलन मोजावे लागे आणि गाडी घेणारा वर्ग लहान होता. संस्थानिक आणि धनिक यांच्यापलीकडे पाहायचे तर गाडीही लहान हवी, इंजिनही लहान हवे.

लहान इंजिनाचे गणित वेगळे असते. त्याच्या अंगी जोर कमी, म्हणून तो जोर योग्य वेळी योग्य प्रमाणात चाकांपर्यंत पोहोचविणारा गियरबॉक्स अधिक महत्त्वाचा ठरतो. तीनऐवजी चार गियर दिले, तर चढावर, वळणावर आणि सपाटीवर इंजिनाला त्याच्या सोयीच्या वेगात फिरत ठेवता येते. प्लिमथमध्ये इंजिनाच्या आकाराने जे साधले जाई, ते लहान गाडीत गियरबॉक्सच्या रचनेने साधावे लागे.

हे कसब इटलीतील फियाट कंपनीला चांगले अवगत होते. १९३६ साली आलेली तिची ‘टोपोलिनो’ म्हणजे चिमुकला उंदीर. तिचे इंजिन अवघ्या ५६९ सीसीचे, तरीही चार सिलिंडरचे, आणि जोडीला चार गियर. १९५१ साली ही फियाट ५०० कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडू लागली. साडेतीन लिटरवरून जेमतेम अर्ध्या लिटरवर आलेली ही उतरण कमीपणाची नव्हती. परदेशातील श्रीमंतांची गाडी जोडण्याकडून आपल्या देशाला परवडणारी गाडी घडविण्याकडे कंपनीचे ते पहिले पाऊल होते.

अपुरी राहिलेली भेट

हे पाऊल पडले तेव्हा वालचंद कारखान्यात नव्हते. १९४९ साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये ते व्यवसायातून निवृत्त झाले. आयुष्यभर आगगाडी, जहाज आणि विमान यांतून अखंड फिरलेला हा माणूस अंथरुणाला खिळला. पत्नी कस्तुरबाई त्यांची शुश्रूषा करीत होत्या. धाकटे बंधू लालचंद हिराचंद आदींनी उद्योगाची धुरा उचलली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे वालचंदांचे निधन झाले.

ज्या धोरणासाठी ते पंधरा वर्षे झगडले, ते धोरण नेमके त्याच वर्षी आकाराला आले. आयात करातील संरक्षणाचा प्रश्न तपासणाऱ्या आयोगाचा अहवाल आला आणि स्वतंत्र भारताच्या सरकारने ठरवले की ज्यांच्याकडे इथे उत्पादन करण्याचा टप्प्याटप्प्याचा कार्यक्रम आहे, त्यांनीच या देशात मोटारी काढाव्यात. नुसती जोडणी करणाऱ्यांना जागा उरली नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोन्ही बलाढ्य कंपन्यांनी आपला गाशा गुंडाळला. १९३९ साली ज्यांच्या दारातून वालचंदांना रिकाम्या हाती परतावे लागले होते, त्यांना आता भारताची अट मान्य नव्हती. प्रीमियर मात्र टिकली.

१९५४ साली कुर्ल्यात फियाट ११०० आली. इटलीत तिला ‘मिलेचेंतो’ म्हणजे अकराशे असेच म्हणत. तिचे इंजिन १०८९ सीसीचे होते. चार सिलिंडर, डोक्यावरचे व्हॉल्व्ह, चार गियर आणि स्टिअरिंगच्या दांड्यालगतची गियरची मूठ. प्लिमथच्या इंजिनात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बगलेला असत. ते डोक्यावर नेल्याने हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण सरळ आत जाते आणि लहान इंजिनातूनही चांगली शक्ती मिळते. गाडीचा सांगाडा आणि कवच एकसंध असल्याने वजनही आटोक्यात राहिले. पुढील वर्षांत एकेक भाग भारतात घडू लागला आणि अखेर इंजिन व गियरबॉक्सही कुर्ल्याचे झाले. वालचंदांनी या गाडीत कधी पाऊल ठेवले नाही, परंतु तिच्या बॉनेटखाली जे होते त्याचा हट्ट त्यांचाच होता.

हट्टाचे फळ आणि त्याची किंमत

साठ आणि सत्तरच्या दशकांत भारतीय ग्राहकापुढे मोजून तीन पर्याय होते. हिंदुस्थान मोटर्सची १४८९ सीसीची अँबेसेडर, मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीची ९४८ सीसीची हेरल्ड आणि कुर्ल्याची फियाट. अँबेसेडर प्रशस्त आणि दणकट, म्हणून सरकारी दौऱ्यांना ती सोयीची. हेरल्ड चपळ, पण नाजूक समजली जाई. फियाट या दोहोंच्या मधली होती. यवतमाळसारख्या जिल्ह्यात, जिथे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, पावसाळ्यात काळी माती चाकाला बिलगते आणि पुसद-दिग्रसपर्यंत पोहोचायला मोठ्या रेल्वेचा आधार नव्हता, तिथे इंजिन तापते किती आणि चढावर गियर उतरतो कसा, हे प्रश्न पुस्तकी नव्हते. फियाटचा पहिला गियर टाकायचा तर गाडी जवळजवळ थांबवावी लागे, कारण वरच्या तीन गियरांना असलेली अलगद जुळणी पहिल्याला नव्हती. पण इंजिन साधे होते आणि ते उघडून पुन्हा बसविणारा कारागीर जिल्ह्याच्या गावी मिळे. इथे घडलेल्या इंजिनाचा खरा लाभ तोच होता.

१९७४ साली या गाडीचे नाव प्रीमियर पद्मिनी झाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती साऱ्या देशाच्या परिचयाची झाली. पण या यशाला दुसरी बाजूही आहे. स्पर्धेपासून मिळालेल्या संरक्षणाने घडविण्याची कला रुजवली खरी, मात्र बदलण्याची गरज संपवली. १९५४ साली आलेले १०८९ सीसीचे इंजिन थोड्याफार सुधारणांसह विसावे शतक संपेपर्यंत कुर्ल्यात बनत राहिले. ग्राहक वर्षानुवर्षे रांगेत उभा होता, मग नवे इंजिन कशासाठी? डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. तीन सिलिंडरचे ७९६ सीसीचे हलके इंजिन, पुढच्या चाकांना मिळणारी गती आणि हाताशी सहज येणारा गियर यांनी जुन्या गाड्यांचे वय एका दिवसात उघडे पाडले. १९८५ साली प्रीमियरने ११८ एनई आणली, तेव्हा तिचे इंजिन आणि गियरबॉक्स जपानच्या निस्सान कंपनीच्या रचनेचे होते. ज्या कंपनीचा जन्मच स्वतःच्या इंजिनाच्या ध्यासातून झाला, तिला चाळीस वर्षांनी पुन्हा परक्या दारी जावे लागले.

हा दोष वालचंदांच्या माथी मारता येणार नाही, पण त्यांच्या स्वप्नाची मर्यादा त्यातून दिसते. त्यांची लढाई इंजिन या भूमीवर घडावे यासाठी होती. ते इथे कल्पिले जावे, कागदावर रेखाटले जावे, ही त्यापुढची पायरी होती. ती चढायला त्यांना आयुष्य पुरले नाही आणि त्यांच्यानंतरच्यांना निकड वाटली नाही. पुढे १९९८ साली पुण्याच्या टाटा कारखान्यातून देशातच विकसित झालेली इंडिका आली, तेव्हा ती पायरी ओलांडली गेली.

पद्मिनीचे उत्पादन २००० सालाच्या सुमारास थांबले. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ ची होती. वीस वर्षांची मुदत संपल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून गेली. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९५५ पासून वालचंदांचे नाव मिरवते आणि २००४ साली टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीटही काढले. तथापि त्यांचे खरे स्मारक कुठे एका जागी नाही. ज्या मुंबई बंदरात कधीकाळी मोटारींची खोकी उतरत होती, तिथून आज भारतात घडलेल्या मोटारी परदेशी जातात. यवतमाळचा कापूस आणि कुर्ल्याचे इंजिन यांना जोडणारा धागा तोच आहे. कच्चा माल धाडून पक्का माल विकत घेण्याचे दुष्टचक्र तोडता येते, हे सोलापूरच्या एका व्यापाऱ्याच्या मुलाने फार आधी ओळखले होते. ते ओळखण्याची आणि त्यासाठी नुकसान सोसण्याची किंमत त्याने पुरेपूर मोजली.